आधी बघा, मग उचला
वाचकांचे प्रश्न : घरातली आणि बाहेरची मांजरं

या वेळी पिल्लांविषयीचे प्रश्न सर्वांत जास्त आले, म्हणून त्यांना जागाही जास्त दिली आहे. दोन पत्रं तातडीची होती. त्यांची उत्तरं थेट कळवली होती, पण तीच वेळ कुणावरही येऊ शकते म्हणून ती इथेही छापत आहोत.

प्रश्न : जिन्याखालच्या अडगळीत मांजराची चार पिल्लं सापडली. डोळे अजून मिटलेले आहेत. सकाळपासून आई दिसलेली नाही. वाट पाहावी का? आम्ही हात लावला तर आई त्यांना टाकून देईल, असं शेजारी म्हणतात.

शेजाऱ्यांचं म्हणणं बाजूला ठेवा. माणसाचा वास लागला म्हणून मांजरी पिल्लं टाकत नाही. मात्र तुम्ही तिथेच उभे राहिलात तर ती जवळ येणार नाही. ‘आई दिसलीच नाही’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच कारण असतं.

पिल्लांकडे नीट बघा. पोट टम्म, अंग स्वच्छ आणि सगळी एकमेकांना चिकटून गाढ झोपलेली असतील तर आई गेल्या काही तासांत येऊन पाजून गेली आहे. ती खायला गेली असेल. पोट खपाटीला गेलेलं, अंग घाणीने माखलेलं, पिल्लं पांगलेली आणि सारखी ओरडत असतील तर काळजीचं कारण आहे. खात्री नसेल तर त्यांच्याभोवती हातभर अंतरावर पिठाचा पातळ पट्टा भुरभुरा आणि तिथून निघून जा. तीन-चार तासांनी या. पिठात पंजांचे ठसे दिसले तर पिल्लांना हात लावू नका. आईसाठी जवळपास खाणं-पाणी ठेवा, पण पिल्लांच्या अगदी शेजारी ठेवू नका, कारण त्या वासाने बोके आणि कुत्री येतात.

पिल्लाचं अंग हाताला गार लागलं, पावसात भिजलं, किंवा अंगावर माश्या घोंघावत असतील तर वाट पाहू नका, लगेच उचला. जागा धोक्याची आहे पण आई येते आहे, अशा वेळी जवळच एक खोका आडवा करून ठेवा, आत जुनं कापड घाला. तिला पसंत पडला तर ती स्वतःच पिल्लं तिथे हलवेल. आई माणसाळलेली असेल तर तिच्यासकट सगळ्यांना घरात घ्या. मांजरीने पिल्लं वाढवणं आणि माणसाने बाटलीवर वाढवणं यात फार अंतर आहे. दुसऱ्या वाटेने नवजात पिल्लं बरीच दगावतात, अनुभवी माणसांच्या हातूनही.

प्रश्न : आई गाडीखाली गेली, म्हणून आठवड्याची दोन पिल्लं घरी आणली आहेत. ड्रॉपरने गाईचं दूध पाजतो. एक पीतच नाही, दुसऱ्याला जुलाब होताहेत. किती पाजायचं, किती वेळा?

जे पीत नाही त्याच्या तोंडात करंगळी घालून बघा. आतून गार लागलं तर या क्षणी त्याला दुधापेक्षा उबेची गरज आहे, आणि ऊब येण्याआधी दूध पाजणं घातक आहे. अंग गार पडलं की आतड्यांचं काम थांबतं. पाजलेलं दूध पोटात तसंच नासतं, नाहीतर उलटून फुप्फुसात जातं. मोठ्या मांजराच्या शरीराचं तापमान ३८ ते ३९ अंश सेल्सिअस असतं, पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाचं ३५ ते ३७. आणि तेवढंही त्याला स्वतःच्या बळावर राखता येत नाही. गार पिल्लाला कपड्याच्या आत छातीशी धरा आणि तास-दोन तासांत हळूहळू ऊब येऊ द्या. हेअर ड्रायर नको, कढत पाणी तर मुळीच नको. मग खोक्याच्या एका कडेला गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवा आणि दुसरी कडा मोकळी सोडा, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लाला सरकता येईल. पहिल्या आठवड्यात खोक्यातली हवा ३० ते ३२ अंश हवी. बाटली निवली की तीच पिल्लाची ऊब ओढून घेते, त्यामुळे रात्रीही उठून बदलावी लागते.

दुसऱ्याचे जुलाब बहुधा गाईच्या दुधाने झाले आहेत. मांजरीचं दूध प्रथिनं आणि स्निग्धांश यांनी गाईच्या दुधापेक्षा बरंच दाट असतं. गाईच्या दुधातून मिळणाऱ्या ऊर्जेत दुग्धशर्करेचा वाटा मोठा, तो पिल्लाला झेपत नाही. मांजराच्या पिल्लांसाठीची दूधभुकटी आणा आणि डब्यावरच्या प्रमाणातच कालवा. ‘जरा घट्ट केलं तर अंग धरेल’ या समजुतीने पुन्हा जुलाब होतात. जुलाब चालू असताना पहिल्या एक-दोन वेळा ते भुकटीचं दूध, उकळून गार केलेलं पाणी घालून, निम्मं पातळ करा आणि त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा. एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी संपायला अर्धा दिवस पुरतो.

माप वजनावर ठरवा. १०० ग्रॅम वजनामागे एका वेळी ४ मिली. आठवड्याचं पिल्लू साधारण १५० ते २०० ग्रॅम भरतं, म्हणजे ६ ते ८ मिली. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, दुसऱ्यात तीन-चार, तिसऱ्यात चार-पाच तासांनी, रात्री धरून. दूध मनगटावर कोमट लागेल एवढंच गरम हवं. पिल्लू पोटावर पालथं, डोकं किंचित वर, आईला पिताना असतं तसं धरा. माणसाच्या बाळासारखं उताणं धरून पाजलं की दूध श्वासनळीत जातं. सिरिंजचा दट्ट्या जोराने दाबू नका. पिल्लू चोखेल तसा थेंब थेंब सोडा. नाकातून दूध आलं तर थांबा, तोंड खाली करा, नाक पुसा. त्यानंतर श्वासाला घरघर लागली तर दवाखाना गाठा.

प्रत्येक वेळी पाजण्याच्या आधी किंवा नंतर कोमट ओल्या कापसाने शू-शीची जागा हलकेच पुसत राहा. आई चाटून हेच करते. साधारण तीन आठवड्यांपर्यंत पिल्लांना ते आपलं आपण जमत नाही, आणि हे करायला विसरलं तर पिल्लं पोट फुगून मरतात. रोज ठरल्या वेळी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून लिहून ठेवा. दिवसाला १० ते १५ ग्रॅम वाढ हवी. एखाद्या दिवशी वजन वाढलं नाही तर लक्ष ठेवा. घटलं तर डॉक्टर. बाहेरून सगळं ठीक दिसत असतानाही काटा आदल्या दिवशी इशारा देतो.

चार आठवड्यांच्या सुमारास ओलं खाणं चाटायला लागतील. जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासून, वजनाप्रमाणे, डॉक्टर देतील तेच. लसीकरण सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान सुरू होतं आणि सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी डोस लागतो.

प्रश्न : आमचा तीन वर्षांचा बोका कालपासून सारखा ट्रेमध्ये जाऊन कुंथतो आणि ओरडतो. बद्धकोष्ठ आहे असं वाटतं. पोटाला तेल लावून चोळलं तर चालेल का? (तातडीने उत्तर कळवलेलं पत्र)

चोळू नका. लगेच निघा. रात्र असेल तर रात्रीच.

बोक्याची मूत्रनलिका लांब आणि टोकाला फार अरुंद असते. खडे, बारीक कण किंवा चिकट स्राव तिथे अडकला की लघवी तुंबते. बाहेरून ते कुंथणं बद्धकोष्ठासारखंच दिसतं, म्हणून निम्मा वेळ घरीच जातो. ट्रेमधलं लिटर बघा: लघवीचे गोळे आहेत का? नसतील, किंवा जेमतेम थेंब असतील, बोका जननेंद्रिय सारखं चाटत असेल, खाणं सोडलं असेल, उलट्या असतील, तर नलिका बंद आहे असंच धरा. रक्तातलं पोटॅशियम चढत जातं आणि हृदय बंद पडतं. पूर्ण तुंबल्यापासून एक-दोन दिवसांत मांजर जाऊ शकतं. घट्ट फुगलेलं मूत्राशय दाबल्याने फुटतं, म्हणून चोळायचं नाही. मांजरीही मूत्राशय सुजल्यामुळे कुंथते, पण तिची नलिका क्वचितच तुंबते.

प्रश्न : मांजराचं अंग गरम लागतंय. लहान मुलांचं पॅरासिटामॉलचं सिरप थोडंसं देऊ का? (हेही तातडीचं)

एक थेंबही नको. हे औषध निकामी करून बाहेर टाकण्याची यंत्रणा मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मोठ्या मांजराला मारायला पुरेशी आहे. रक्त प्राणवायू वाहू शकत नाही, हिरड्या तपकिरी किंवा निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात. चुकून दिलं गेलं असेल तर लक्षणांची वाट न बघता, औषधाची बाटली सोबत घेऊन जा. यावर उतारा आहे, पण तो पहिल्या काही तासांत जास्त उपयोगी पडतो. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. आयबुप्रोफेन, कुत्र्यांसाठीचं पर्मेथ्रिन असलेलं पिसवांचं औषध आणि लिलीची फुलं (अंगाला लागलेले परागकण चाटले तरी मूत्रपिंडं जातात) ही याच पंक्तीतली.

आणि मांजराचं अंग आपल्या हाताला नेहमीच गरम लागतं. ताप थर्मामीटरने गुदद्वारातून बघतात; ३९.२ अंशांपर्यंत तो ताप नसतो.

प्रश्न : आमच्या आवारात एक भाटी सारखी विते. तिची दोन मोठी पिल्लं आणि एक बोकाही असतो. लोक म्हणतात, पोत्यात घालून लांब सोडून या. आम्हाला नसबंदी करून घ्यायची आहे, पण ती हाताला लागत नाही. कसं पकडायचं? सध्या ती पाजती आहे का तेही कळत नाही.

लांब सोडून काही साधत नाही. अनोळखी जागी सोडलेलं मांजर परतीच्या वाटेने निघतं आणि रस्त्यावर मरतं; तुमच्या आवारातली मोकळी झालेली जागा आणि खाणं दुसरी मांजरं येऊन घेतात. नसबंदी करून त्याच जागी परत सोडणं हाच मार्ग टिकतो. त्यात चारही मांजरं आली पाहिजेत. मांजरीचा गर्भकाळ ६३ ते ६५ दिवसांचा असतो. व्याल्यावर काही आठवड्यांत, अंगावर पिल्लं पीत असतानाही, ती पुन्हा गाभण राहू शकते. मादी पिल्लू चार महिन्यांचं होताच माजावर येऊ शकतं. एकीवर शस्त्रक्रिया करून दुसरी राहू दिली तर वर्षाने तुम्ही पुन्हा इथेच असाल. पैसे किंवा पिंजरे कमी असतील तर आधी माद्या.

आता पकडणं. पोतं, जाळं, हात यांपैकी काहीच नको. पाय ठेवताच दार पडणारा सापळ्याचा पिंजरा मिळवा. आठवडाभर आधीपासून सगळ्यांना एकाच जागी, एकाच वेळी खायला घाला. शेवटचे तीन-चार दिवस पिंजरा दार बांधून उघडा ठेवा आणि ताटली रोज थोडी थोडी आत सरकवत न्या. पकडायच्या आदल्या दिवशी खाणं बंद, पाणी चालू. हे आवारातल्या प्रत्येकाला सांगावं लागतं, कारण पोट भरलेलं मांजर पिंजऱ्याकडे ढुंकूनही बघत नाही. पिंजऱ्याच्या तळाला वर्तमानपत्र घाला, तार पायाला टोचली की मांजर मागे फिरतं. उग्र वासाचे माशाचे दोन-चार तुकडे पायपट्टीच्या पलीकडे, अगदी मागच्या टोकाला ठेवा. अलीकडे ठेवले तर पट्टीवर पाय न देता खाऊन निघून जातं, आणि पुढच्या वेळी ते जास्त सावध असतं.

दार पडलं की मांजर धडका मारतं, नाक सोलवटतं. तुम्ही दूर, पण नजरेच्या टप्प्यात हवे. जाऊन लगेच जाड चादर पूर्ण पिंजऱ्यावर टाका. अंधार झाला की ते मिनिटाभरात शांत होतं. यानंतर दवाखान्यापर्यंत दार उघडायचं नाही, कीव येऊन पाणी ठेवण्यासाठीसुद्धा नाही.

पाजती आहे का, हे पिंजऱ्यात बघता येतं. सड मोठे, गुलाबी आणि भोवतालचे केस झिजलेले असतील तर पिल्लं कुठेतरी आहेत. ती अगदी लहान असण्याची शक्यता असेल तर तिला सोडा आणि पिल्लं खायला लागेपर्यंत, सहा ते आठ आठवडे, थांबा. पुन्हा हाती लागणारच नाही अशी वस्ताद भाटी असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. पोटाऐवजी कुशीतून छेद घेता येतो, म्हणजे सड मोकळे राहतात, आणि नीट शुद्धीवर आल्यावर तिला त्याच दिवशी सोडता येतं.

भूल दिलेली असतानाच रेबीजची लस द्यायला आणि कानाचं टोक कापायला सांगा, बहुतेक ठिकाणी डाव्या. मोठ्या मांजराच्या कानाचा साधारण एक सेंटिमीटर सरळ काढतात. ते क्रूर वाटतं खरं. पण नसबंदी झाल्याची लांबून दिसणारी तीच एकमेव खूण आहे. नाहीतर तीच भाटी दोनदा टेबलावर जाते. शस्त्रक्रियेनंतर पिंजरा झाकलेला, कोरड्या आणि उबदार जागी ठेवा, भुलीतून उठताना अंग गार पडतं. पूर्ण शुद्ध आल्यावर थोडं खायला द्या. बोके दुसऱ्या दिवशी सोडता येतात, माद्या एक-दोन दिवसांनी. टाक्यांतून रक्त किंवा पू येत असेल, किंवा मांजराने दिवसभर तोंडात काही घेतलं नसेल, तर सोडू नका.

या सगळ्यात कुणाला चावलंच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. मांजराचा दात सुईसारखा खोल जातो, वरची जखम मिटते आणि आत बारा-चोवीस तासांत पू धरतो. रेबीजच्या लशीचा निर्णयही त्याच दिवशी व्हायला हवा.

प्रश्न : बाहेरची एक मांजरी दत्तक घेतली. घरातला जुना बोका तिला बघून फिसकारतो, एकदा तुंबळ झाली. दोघं कधी जुळवून घेतील?

पहिल्याच दिवशी समोरासमोर आणलंत, तिथे बिघडलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू करा. मांजरीला दोन आठवडे बंद खोलीत वेगळं ठेवा. तिचं खाणं, पाणी, ट्रे तिथेच. या काळात रक्ततपासणी करून ल्युकेमियाचा विषाणू आणि एफआयव्ही (मांजराची प्रतिकारशक्ती खचवणारा विषाणू) नाही ना ते बघा, लस द्या, जंत आणि पिसवांचं औषध द्या, आणि कातडीवर गोल केस गेलेले चट्टे, म्हणजे गजकर्ण, नाही ना ते तपासा. गजकर्ण तुम्हालाही होतं.

मग ओळख वासाने. एका फडक्याने हिचे गाल पुसा आणि ते त्याच्या ताटलीजवळ ठेवा, त्याचं हिच्याकडे. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांच्या ताटल्या, आधी लांब, रोज थोड्या जवळ. दाराला लागून दोघं निवांत खाऊ लागली की दार दोन बोटं उघडा. समोरासमोरची पहिली भेट पाच मिनिटांची पुरे. नुसतं फिसकारणं चालतं. कान मागे पाडून, टक लावून, अंग ताठ करून कोणी थबकलं तर मध्ये पुठ्ठा धरा. हात घालू नका, दोघांपैकी कुणालाही उचलून घेऊ नका. काहींना आठवडा लागतो, काहींना महिने. शेवटी एकमेकांकडे दुर्लक्ष करायला लागली, तरी जमलं म्हणायचं.

प्रश्न : ट्रे असूनही मांजर गादीवर शू करतं. सूड उगवतं का?

नाही. आधी लघवी तपासून घ्या; मूत्राशयाची सूज असेल तर ट्रे आणि दुखणं यांची सांगड मांजराच्या डोक्यात बसते आणि ते मऊ जागा शोधतं. तपासणी ठीक आली तर ट्रेकडे वळा. दुकानातले बरेच ट्रे लहान असतात. नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत मांजराच्या लांबीच्या दीडपट ट्रे हवा. लिटरचा थर पाच सेंटिमीटर, बिनवासाचं. जितकी मांजरं त्याहून एक ट्रे जास्त, तेही वेगवेगळ्या जागी. एका ओळीत ठेवलेले तीन ट्रे मांजराच्या लेखी एकच. रोज दोनदा गोळे काढा. गादीला एन्झाइम असलेलं क्लीनर लावा. अमोनियाचा वास मांजराला मुताचाच वाटतो, आणि फिनाइल मांजराला विषारी आहे.

उभ्याने, शेपूट थरथरवत भिंतीवर फवारा मारत असेल तर तो हद्द आखण्याचा प्रकार आहे. बोक्याची नसबंदी झाली नसेल तर आधी ती.

प्रश्न : घरात सून गरोदर आहे. डॉक्टरांनी टॉक्सोप्लाझ्माचं (गर्भाला बाधू शकणाऱ्या परजीवीचं) नाव घेतलं. मांजर देऊन टाकावं का?

गरज नाही. मांजराच्या विष्ठेतून या परजीवीची अंडी पडतात, पण ती पडल्यापासून एक ते पाच दिवसांनी संसर्ग करण्याजोगी होतात. ट्रे रोज साफ झाला तर ती वेळच येत नाही. हे काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं. कुणीच नसेल तर हातमोजे घालून, नंतर हात धुऊन. मांजर अशी अंडी बहुधा आयुष्यात एकदाच, पहिल्या संसर्गानंतर एक-दोन आठवडे टाकतं. त्याला कच्चं मांस देऊ नका, शिकारीला बाहेर सोडू नका. कच्चट मांस, न धुतलेल्या भाज्या आणि बागेतली माती यांची काळजी सुनेला मांजराइतकीच, किंबहुना जास्त घ्यावी लागेल. कुरवाळण्याने काही होत नाही.

प्रश्न : मांजराला पूर्ण शाकाहारावर वाढवता येईल का?

घरच्या शाकाहारी अन्नावर नाही. टॉरिन नावाचं द्रव्य मांजराचं शरीर पुरेसं बनवू शकत नाही; ते मांस-माशांतूनच येतं. काही महिने ते कमी पडलं की डोळ्याचा पडदा खराब होऊन आंधळेपण येतं, हृदय सैल पडतं. आंधळेपण परत फिरत नाही.

प्रश्न : गोळी कशी द्यायची? दरवेळी थुंकतं आणि मग तोंडाला फेस येतो.

टॉवेलात गुंडाळा, फक्त डोकं बाहेर. डाव्या हाताने डोक्यावरून गालफडांची हाडं दोन बाजूंनी धरा आणि नाक छताकडे करा. खालचा जबडा आपोआप सैल सुटतो. उजव्या हाताच्या मधल्या बोटाने तो उघडून गोळी जिभेच्या मध्यभागी, जमेल तितकी मागे टाका. तोंड मिटवून गळा वरून खाली चोळा. नाक चाटलं की गिळली.

इथेच बहुतेक जण थांबतात. लगेच सिरिंजने ओठाच्या कडेतून पाच-सहा मिली पाणी सावकाश सोडा, किंवा दोन घास ओलं खाणं द्या. कोरडी गोळी मांजराच्या अन्ननलिकेत मिनिटं-मिनिटं अडकून राहते. डॉक्सिसायक्लिनसारखी गोळी तिथे विरघळली तर नलिका भाजते आणि पुढे आकसते. मग खाल्लेलं उलटून पडू लागतं, तेव्हा कारण कुणाच्या लक्षातही येत नाही.

फेस कडू चवीचा आहे, विषबाधा नव्हे. पाच-दहा मिनिटांत थांबतो. गोळी फोडली की कडूपणा वाढतो, म्हणून ती फोडता किंवा कुटता येते का हे आधी विचारा. फारच कडू असेल तर रिकाम्या जिलेटिन कॅप्सूलमध्ये घालून द्या, आणि कॅप्सूलला बाहेरून लोण्याचा हात लावा.